सुतकाच्या घरी मोटरसायकलवरून

अमरावतीहून चांदूर बाजार, परतवाडा, अंजनगाव, अकोट असं करत मी मोटरसायकलवर अकोल्याला जाऊन आलो. ज्यांनी हा रस्ता पाहिला नाही त्यांना तो सांगावा, असं निघतानाच मनात होतं. सांगतो. फक्त अंजनगाव आणि अकोटच्या मधल्या एका गावाचं नाव सांगणार नाही. त्या गावात मी जसा वागलो त्यानंतर तिथल्या लोकांनी माझं नाव कुठे काढू नये असं मला वाटतं, तेव्हा मीही त्यांचं काढत नाही.

अमरावती

मी वकील आहे, दिवाणी बाजूचा. भावाभावांच्या वाटण्या, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून झालेली भांडणं, विहिरीच्या पाण्याचे हिस्से, यांत सगळं आयुष्य गेलं. दुसऱ्यांची भांडणं इतकी वर्षं अंगावर घेतली की ती घरीही येतात. मी जेवताना मिठावरून बोलायचो, फोन वाजला की चिडायचो, झोप लागायची नाही. डॉक्टरांनी सांगितलं, रोज फिरायला जात जा. मी फिरायला गेलो आणि शेजाऱ्याशी त्याच्या कुत्र्यावरून भांडून आलो.

मग मागच्या दिवाळीत मी क्रूझर घेतली. क्रूझर ही पळवायची मोटरसायकल नव्हे. बैठक खाली, पाय पुढे पसरलेले, हँडल रुंद आणि पार छातीपर्यंत आलेलं. तिच्यावर माणूस ओणवा होत नाही. ओसरीवर टेकून बसावं तसा बसतो आणि ओसरीच चालायला लागते. माझी बायको रजनी तिला म्हैस म्हणते, कारण ती काळी आहे, रुंद आहे, हळू चालते आणि रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखी चालते. म्हातारचळ हा शब्द रजनीने वापरला नाही. तिच्या बहिणीने वापरला.

पण झालं असं की रविवारी सकाळी बडनेऱ्याच्या पुढे तासभर जाऊन आलं की मी मिठावरून बोलेनासा व्हायचो. गाडीवर फोन घेता येत नाही, फाइल उघडता येत नाही, कुणाला उलट उत्तर देता येत नाही. इंजिनाचा तो संथ ठेका मांड्यांतून वर येतो आणि थोड्या वेळाने आपला श्वास त्याच्या चालीने चालू लागतो. शेताच्या वासातून, मग गोठ्याच्या वासातून, मग कुणाच्या तरी फोडणीच्या वासातून आपण जातो आणि यातल्या कशाशीच आपला दावा नसतो. मला या वयात आनंद झाला. तो लपवत नाही. लाज पुढे आहे.

जानेवारीत मंदावहिनी गेल्या. मंदावहिनी म्हणजे दिनाची बायको. दिना आणि मी अकोल्याला एका खोलीत राहून शिकलो, तो शेतकी कॉलेजात, मी लॉला. पुढे तो गावी जाऊन शेती करू लागला आणि मी कोर्टात, पण मैत्री तशीच राहिली. वहिनी अगदी दोन दिवसांच्या दुखण्यात गेल्या. अंत्यसंस्काराला मी आणि रजनी कारने जाऊन आलो. आमच्याकडे नंतरच्या त्या दिवसांत पुन्हा एकदा बसायला जातात. बसायला म्हणजे काही करायला नव्हे, नुसतं जाऊन त्या माणसाजवळ बसायचं. दुसऱ्या दिवशी माझी अकोल्याच्या कोर्टात तारीख होती. रजनीच्या शाळेत परीक्षा होत्या. म्हणून मी एकटा निघालो.

"बसायला जाताय ना? मग कार न्या," रजनी म्हणाली.

"त्या गल्लीत कार लावायला जागा नाही," मी म्हटलं. जागा भरपूर आहे. तिथे बैलगाड्या लागतात.

ती बराच वेळ माझ्या लेदर जाकिटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तोंड तरी पडलेलं ठेवा."

चांदूर बाजार, परतवाडा

दिनाच्या गावाला जवळचा रस्ता दर्यापूरवरून आहे. मी चांदूर बाजार, परतवाड्याचा लांबचा घेतला. सुतकाच्या घरी निघालेला माणूस लांबच्या रस्त्याने जात नाही, हे मला कळत होतं. मी स्वतःला सांगितलं की दर्यापूरचा रस्ता खराब आहे. वकिलाला स्वतःची साक्ष काढायला फार वेळ लागत नाही.

आणि काय सकाळ होती! थंडी बोटांत शिरत होती, पण ऊन पाठीवर होतं. दोन्ही बाजूंना तूर वाळून तांबूस झालेली, मध्येमध्ये हरभऱ्याचे हिरवे तुकडे, कुठे वेचून झालेल्या पऱ्हाटीवर राहून गेलेला कापूस. चांदूर बाजारच्या अलीकडे संत्र्याच्या बागा लागल्या. रस्त्याच्या कडेला क्रेटी भरणं चालू होतं आणि सोललेल्या सालीचा वास हेल्मेटच्या आत येत होता. मी काच वर केली. वेग इतका कमी होता की सायकलवरच्या एका मास्तरांनी मला नमस्कार केला आणि त्यांना परत नमस्कार करायला मला वेळ मिळाला.

चांदूर बाजार सोडल्यावर मी गाऊ लागलो. काय गात होतो ते सांगत नाही, पण ते सुतकात गायचं नव्हतं. मध्येच आठवलं की मी कुठे चाललोय, आणि गप्प झालो. पुढच्या वळणावर सातपुड्याची निळी रेघ दिसली आणि नकळत पुन्हा तेच सुरू झालं. पुन्हा आठवलं, पुन्हा गप्प. असं परतवाड्यापर्यंत चाललं. दोन माणसं एका हेल्मेटमध्ये भांडत होती आणि एकदाही पडलेल्या तोंडाचा जिंकला नाही.

परतवाड्याला आलूबोंडा खाल्ला. अमरावतीत आम्ही गिला वडा खातो, दही-चटणीचा. इथे आलूबोंडा प्लेटमध्ये फोडून वरून गरम कढी ओततात आणि त्यावर चिरलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर. दुकानदाराने न विचारता दुसऱ्यांदा कढी ओतली. मी नको म्हटलं नाही.

अंजनगाव

परतवाड्याहून पश्चिमेला निघालं की सातपुडा उजव्या हाताला बरोबर चालतो. म्हैस इथे खरी खुलली. सरळ रस्ता, दोन्हीकडे कडुलिंब, समोरून क्वचित एखादी एसटी. अशा रस्त्यावर क्रूझर घाई करत नाही आणि तुम्हालाही करू देत नाही.

अंजनगावला विड्याच्या पानांचे मळे आहेत. मी कधी आत गेलो नव्हतो. रस्त्याला लागून एक दिसला, म्हणून थांबलो. बाहेरून गवताच्या तट्ट्यांनी बंद केलेला, आत शिरलं की एकदम गार आणि ओलं, डोक्यावर हिरवा अंधार, आणि रांगेने वेली वर चढलेल्या. मालक पानं खुडत होते. डोक्याला दुपट्टा बांधलेले, माझ्याच वयाचे. त्यांनी मला नंतर पाहिलं, आधी दारातून बाहेर उभी असलेली गाडी पाहिली.

"भाऊ, गाडी तं रणगाड्यावानी हाय. कुठं निघाले?"

आता इथे खरं सांगायला काय हरकत होती? पण जाकीट, गॉगल, आणि चेहऱ्यावर आलूबोंडा-कढीचं तेज. या रूपात सुतकाच्या घरी निघालोय हे माझ्या तोंडून निघेना. "अकोल्याला," मी म्हटलं.

"मंग पान खाल्ल्याशिवाय कसे जासान? आमच्या मळ्यात आलेला पावना कोरडा नाई जात."

त्यांनी नुकतं खुडलेलं पान मांडीवर पुसलं, डबी काढली, चुना लावला, काथ लावला, सुपारी घातली आणि घडी करून माझ्या हातात दिलं. मी ते तोंडात टाकलं. इतकं कोवळं पान मी जन्मात खाल्लं नव्हतं. आम्ही पिकाबद्दल बोललो, थंडीने पान करपतं त्याबद्दल बोललो, आणि मी निघालो तेव्हा ते गाडीला हात लावून म्हणाले, "मजा हाय तुमची." मी मान हलवली. मजाच होती.

दिनाच्या गावाच्या फाट्यावर आरशात तोंड बघितलं तेव्हा माझे ओठ लालभडक होते.

पान खाऊन कुणी बसायला जात नाही. लग्नाला जातात, बारशाला जातात. मी बाटलीतलं पाणी घेऊन चुळा भरल्या, रुमालाने ओठ घासले. रुमाल लाल झाला, ओठ जास्तच लाल झाले. मी जाकीट काढून डिकीत ठेवलं, पांढरा सदरा सारखा केला आणि तोंड मिटून गावात शिरलो.

मधलं गाव

गाडी गल्लीत शिरली तसा तिचा आवाज भिंतींना आपटून दुप्पट झाला. ओसरीवर बसलेली सगळी माणसं वळून बघू लागली. मी शक्य तितक्या लवकर ती बंद केली, पण ती बंद होतानाही एकदा खाकरते. मग तिला घरामागच्या गल्लीत लावून ओसरीवर आलो.

ओसरीत सतरंज्या अंथरल्या होत्या. सुतकाच्या घरी कुणी या म्हणत नाही, आपण नमस्कार करत नाही, नुसतं जाऊन बसायचं. निघतानाही येतो म्हणत नाहीत. आमच्या अमरावतीच्या कॉलनीत बसायला गेलं की थोड्याच वेळात कुणीतरी घड्याळ बघतं आणि सगळे उठतात. इथे माणसं दुपार बसून काढतात. कुणी तुरीला अळी लागल्याचं बोलतं, कुणी विजेची डीपी जळल्याचं. ज्याचं माणूस गेलं त्याला मध्ये ठेवून गाव आपलं रोजचं बोलत राहतं.

मध्ये दिना होता. भिंतीला टेकलेला, दाढी वाढलेली, गुडघ्यांवर हात. मी त्याच्या शेजारी बसलो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा अंगणाकडे बघू लागला. मला खूप बोलायचं होतं, पण तोंड उघडलं की पान दिसणार. म्हणून ओठ घट्ट दाबून बसलो. समोरचे एक म्हातारे शेजारच्याला हळूच म्हणाले, "पाहा, किती लागलं वकीलसाहेबाले. शब्द फुटून नाई राहिला." त्या क्षणी सतरंजीखाली जागा असती तर मी तिथे गेलो असतो.

थोड्या वेळाने दिनाची मोठी बहीण कमलबाई यांनी मला आत बोलावलं. त्या सासरहून येऊन घर सांभाळत होत्या. चूल शांत होती. सुतकात फोडणी देत नाहीत, शेजारच्या घरून फिकं वरण आणि भाकरी येते. दिनाचं ताट झाकून ठेवलेलं तसंच होतं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तो रडला नाई अजून. मंदाले नेलं तवाबी नाई. बोलत नाई, जेवत नाई, काही इचारलं तं मान हालवते. असा घुसमटून माहा भाऊ जाईन हो. तुमी त्याचे जुने दोस्त. रडवा नाई तं हासवा, पन त्याच्या तोंडातून काही काढा."

मी ओठ मिटूनच मान हलवली. कमलबाईंची नजर माझ्या तोंडावर थांबली. त्यांनी नुसता पाण्याचा तांब्या पुढे केला आणि मागच्या मोरीकडे बोट दाखवलं. मी जाऊन पुन्हा चुळा भरल्या.

मोरीतून मागच्या दाराने बाहेर आलो तर दिना गाडीजवळ उभा होता. कधी उठून आला ते मला कळलं नव्हतं; ओसरीवर वाटलं असेल, मोरीकडे गेला. तो टाकीवर हात ठेवून होता.

"हेच का बे ते?" त्याने विचारलं. इतक्या दिवसांनी त्याच्या तोंडातून निघालेले हे पहिले शब्द असतील.

"हेच."

"मले बसव."

"दिना, लोक काय..."

"बसव म्हनून राहिलो ना."

मी मागे-पुढे बघितलं. ओसरी पुढच्या बाजूला होती. मी म्हैस न सुरू करता गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली. ती ढकलायची गाडी नाही, माझा दम निघाला. तिथे किल्ली फिरवली.

आम्ही डोंगराच्या बाजूच्या रस्त्याने निघालो. दिना मागे, एक हात माझ्या खांद्यावर. मी वेग वाढवला नाही, कमीही केला नाही. हरभऱ्याचा आंबट वास येत होता. हळूहळू खांद्यावरची त्याची बोटं सैल झाली. कडुलिंबांची रांग लागली आणि सावल्या आमच्यावरून जाऊ लागल्या, तेव्हा त्याने हनुवटी माझ्या खांद्याजवळ आणली.

"मंदाले म्या म्हनलं होतं," तो कानाशी ओरडला, "वकिलानं गाडी घेतली, एक दिवस त्याच्या मागं बसून फिरून येतो. तं काय म्हने मालूम हाय?"

"काय?"

"म्हने, दोन बुढे कुठं पडले तं उचलाले मी नाई येनार!"

आणि तो हसला. आधी नाकातून, मग मध्येच अडकल्यासारखा, मग एकदम धरण फुटल्यासारखा. माझ्या पाठीवर थापा मारत होता आणि हसत होता. मीही हसू लागलो. गाडी थोडी डुलली तेव्हा तो आणखी हसला. "पडतो बे, पडतो," म्हणाला. असा आनंद मला त्या गाडीवर आधी झाला नव्हता, आणि माझी खात्री आहे, वहिनींनाही तो खुपला नसता.

परत गावात शिरताना मी मागच्या गल्लीने जायला हवं होतं. हसण्याच्या भरात पुढच्या रस्त्याने आलो. घरासमोर जीप उभी होती आणि तिच्यातून वहिनींच्या माहेरची माणसं उतरत होती. सर्वांत पुढे त्यांचे थोरले भाऊ भास्करराव. दिनाचं तोंड अजून हसतं होतं, दात दिसत होते. भास्कररावांचा पाय जीपच्या पायरीवरच थांबला. ओसरीवरची सगळी माणसं उभी राहिली.

मी गाडी थांबवली आणि माझ्या तोंडातून एक वाक्य असं गुळगुळीत निघालं की जणू काल रात्री लिहून ठेवलं होतं.

"छातीत धडधडतं म्हणाला. म्हणून डॉक्टरकडे नेऊन आणलं."

"हासत होते ना पावने?" भास्करराव आपल्या मेहुण्याकडे, दिनाकडे बघत म्हणाले.

"हसतोय कुठला? धाप लागलीय त्याला."

दिना अजून मागेच बसला होता. त्याचा हात माझ्या खांद्यावरून निघाला. तो उतरला तेव्हा त्याचं तोंड पुन्हा मघाशी ओसरीवर होतं तसं झालं होतं. मी काय म्हटलं ते त्याने ऐकलं आणि मान हलवली. हो म्हणून मान हलवली. माझी अब्रू वाचावी म्हणून तो आजारी झाला.

कमलबाई आतून धावत आल्या. त्यांनी काहीच पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याला धरून आत नेलं, खाटेवर निजवलं, अंगावर रजई टाकली. मी दारातून पाहिलं. तो भिंतीकडे तोंड करून वळला. मी बाहेर आलो, पाय जोड्यांत घातले आणि घाईघाईत मोठ्याने म्हणालो, "येतो मी."

सुतकाच्या घरात येतो म्हणालो. भास्कररावांनी डोळे मिटून घेतले.

अकोला

त्या रात्री अकोल्याला माझ्या मुलीकडे, पल्लवीकडे उतरलो. तिने पाटोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची रस्साभाजी केली होती, तिखट, कडेला तेल सुटलेली. एरवी मी दोनदा वाढून घेतो. अकोल्यात शिरताना कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, जिनिंगच्या भोवती हवेत तंतू उडत होते, आणि दिना आणि मी याच गावात एका स्टोव्हवर खिचडी करून खाल्ली होती. हे सगळं वर्णन करायला मी निघालो होतो. पण मी काही बघितलंच नाही. नुसता आलो.

जेवताना कमलबाईंचा फोन आला.

"भाऊ, तो तं आता डोळेबी उघडत नाई. भितीकडं तोंड करून पडला हाय. डॉक्टर काय म्हनले होते? गोळी-बिळी काही?"

इथे मी खरं सांगू शकत होतो. ताट समोर होतं, पल्लवी बघत होती, जावई बघत होते. मी म्हणालो, "घाबरायचं कारण नाही. बीपी थोडं वाढलंय. आराम करू द्या. आणि हो, त्याला फार बोलायला लावू नका."

फोन ठेवला. पल्लवी म्हणाली, "बाबा, काय झालं?"

"काही नाही," मी म्हटलं आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणालो.

कमी नव्हतं. पल्लवीने ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मुकाट्याने मीठ आणून ठेवलं. ज्या माणसाच्या तोंडातून काही निघावं म्हणून बहीण तळमळत होती, त्याला मी गप्प ठेवायचं औषध देऊन बसलो होतो. कशासाठी? भास्कररावांना वकीलसाहेब पोरकट वाटू नयेत म्हणून. हसू दिनाचं होतं आणि लाज माझी. माझ्या लाजेपायी मी त्याचं हसू धाप म्हणून खपवलं.

दुसऱ्या दिवशी कोर्टात पुढची तारीख पडली. समोरच्या वकिलाने काय म्हटलं ते मला आठवत नाही.

पुन्हा अकोटच्या रस्त्याने

अकोल्याहून घरी यायचा सरळ रस्ता मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून आहे. मी म्हैस त्या रस्त्याला लावली होती. शहराच्या बाहेर आलो, इंजिन आपल्या ठेक्यावर आलं, श्वास त्याच्या मागे आला. गाडीवर बसलं की माझं डोकं शांत होतं हे मी मघाशी कौतुकाने सांगितलं. शांत झालेल्या डोक्यात त्या दिवशी एकच गोष्ट स्पष्ट दिसत होती, आणि ती म्हणजे भिंतीकडे वळलेली दिनाची पाठ. फोन नव्हता, फाइल नव्हती, दुसऱ्या कुणावर चिडायची सोय नव्हती. मी एका ढाब्यासमोर गाडी वळवली आणि अकोटचा रस्ता धरला.

खारपाणपट्ट्यातून गेलो, पूर्णा ओलांडली. काळी जमीन भेगाळलेली, विहिरींचं पाणी खारं, तरी कपाशी उभी. ऊन चढलं होतं. मी गायलो नाही. पण बैठक तशीच ऐसपैस होती, ठेका तोच होता, आणि माझ्या लक्षात आलं की भीती वाटत असूनही गाडी मला न थांबता तिकडे घेऊन चालली आहे.

या वेळी मी गाडी फाट्यावर लावली आणि हेल्मेट काखेत धरून गावात चालत गेलो. ओसरीवर कालचीच माणसं होती आणि भास्करराव होते. मी जाऊन बसलो नाही. कमलबाई दारात उभ्या होत्या. मी उभ्यानेच बोललो, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"कमलबाई, मी काल खोटं बोललो. डॉक्टरकडे नेलं नव्हतं. दिनाला बीपी नाही, काही नाही. मी त्याला गाडीवर फिरायला नेलं होतं. त्यानेच म्हटलं, पण नेलं मी. आणि तो हसला. धाप नव्हती, हसत होता. मला तुमच्या सगळ्यांची लाज वाटली म्हणून मी खोटं सांगितलं."

भास्कररावांनी सतरंजीवरचा एक धागा उपसला आणि बोटाला गुंडाळू लागले. मी मनात तयारी केली होती. शिव्या येतील, नाहीतर ते उठून जातील.

"हासला?" कमलबाई म्हणाल्या.

"हो."

"दिना हासला?"

"हो, कमलबाई. माझी चूक झाली."

"चूक ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. त्या पायरी उतरून माझ्यासमोर आल्या. "कायले हासला?"

मी सांगितलं. वहिनी काय म्हणाल्या होत्या ते, जसंच्या तसं. दोन बुढे कुठं पडले तं उचलाले मी नाई येनार. भास्कररावांनी धागा गुंडाळायचं थांबवलं. "मंदाचंच बोलनं हाय हे," ते हळूच म्हणाले. "अशीच बोले ते."

"मी घरात होती," कमलबाई म्हणाल्या. "मले आयकू नाई आलं. सगळ्यायनं पाह्यलं, मीच नाई पाह्यलं. अन् तुमी म्हनता धाप." त्यांचा आवाज फाटला. "कसा हासला, भाऊ? करून दाखवा."

"काय?"

"हासून दाखवा मले. कसा हासला तो."

मी ओसरीकडे पाहिलं. पांढऱ्या कपड्यांतली वीसेक माणसं, मध्ये दिव्याजवळ वहिनींचा फोटो, हार घातलेला. माझं तोंड तापलं, कानापर्यंत. कोर्टात जन्म काढलेला माणूस मी, पण इतक्या लोकांसमोर इतका उघडा कधी उभा राहिलो नव्हतो. मी घसा साफ केला आणि हसलो. ते हसू कसलं, खोकल्यासारखं काहीतरी झालं.

"असा नाई हासत तो," कमलबाई म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या सोडायला तयार नव्हत्या. "लहानपनापासून मालूम हाय मले. याच्याहून मोठ्यानं हासते. बरोबर करा."

मी डोळे मिटले. आधी नाकातून. मग मध्येच अडकल्यासारखं. मग तोंड उघडून, पोटातून, होता नव्हता तेवढा आवाज काढून मी सुतकाच्या त्या घरात हसलो.

आत खाट वाजली. मग एक आवाज आला, आणि तो आधी कुणाचा आहे ते मला कळलंच नाही. दिना रडत होता. मोठ्याने, गळा काढून, वहिनींचं नाव घेत. दोन-तीन माणसं आत जायला उठली. कमलबाईंनी हात आडवा केला.

"कोनी जाऊ नका," त्या म्हणाल्या. "रडू द्या त्याले."

आणि मग माझ्याकडे न बघता त्यांनी सतरंजीवर जागा करून दिली. मी बसलो.